पाचवीचा कोरा कागद



मूल जन्माला आलं की पाचव्या दिवशी आपल्याकडे पाचवी पुजतात. पाटावर सटवाई मांडायची, हळदकुंकू वाहायचं, नैवेद्य दाखवायचा आणि शेजारी एक कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय आहे ते लिहून जाते, असं म्हातारी माणसं सांगत आली. बाया ती रात्र जागवतात. बाळंतिणीच्या उशाशी दिवा तेवत ठेवतात. सकाळी पाट उचलला की कागद आपला कोराच असतो. सटवाईचं अक्षर माणसाला दिसत नाही, असं म्हणून आपण तो निर्माल्याबरोबर पाण्यात सोडून देतो.

आज मला एवढंच सांगायचं आहे की तो कागद टाकू नका. सटवाईनं तिचं काम केलं असेल. आता त्या कागदावर बाळाच्या आईनं लिहावं.

काही जणी हसल्या असतील. "बाळंतिणीला डोळा लागायची पंचाईत, आणि ही बाई तिला लिहायला सांगते!" असं कुणी म्हणेल. पण जरा ऐकून तर घ्या. पटलं नाही तर सोडून द्या.

आपल्या घरात किती गोष्टी लिहिलेल्या असतात, ते एकदा मोजून पाहा. डेअरीच्या कार्डावर रोजचं दूध आणि फॅट लिहिलेलं असतं. कापूस वेचणीला बाया लावल्या की कुणी किती किलो वेचला ते घरधनी लिहून ठेवतो. खताचं बिल जपून ठेवतो. सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी, सगळं वहीत असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर मुकादमाच्या वहीत उचल असते, खाडे असतात, किती टन ऊस तोडला तेही असतं. म्हैस कधी फळवली आणि कधी विणार, तेसुद्धा आपण कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.

आणि त्याच घरातल्या सुनेला विचारा, "बाई, तुझं पोरगं पहिल्यांदा पालथं कधी पडलं?" ती म्हणेल, "ज्वारी काढणीला आली होती बघा तेव्हा." दुसरी म्हणेल, "आम्ही कारखान्यावर होतो, थंडी लई होती." आपल्या आज्या बाहत्तरच्या दुष्काळावरून पोरांची वयं सांगायच्या. आताच्या तरण्या आया पाण्याच्या टँकरवरून सांगतात. म्हशीची तारीख घरात लिहिलेली सापडते, पण आईचे दिवस कुठंच लिहिलेले सापडत नाहीत.

मी स्वतः ही वही धरली ती काही शहाणपणानं नाही. एका फजितीतून धरली. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. पंधरा-सोळा दिवसांनी तिला कणकण आली म्हणून आम्ही तिला दवाखान्यात नेली. बरोबर माझी आई होती आणि मावशी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंग कधीपासून गरम आहे?" मी म्हणाले, काल रात्रीपासून. आई म्हणाली, परवापासून. मावशी म्हणाली, आज सकाळपासून. "दिवसातून लघवी किती वेळा होते?" आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. "दूध किती वेळा पिते?" तेही कुणाला धड सांगता येईना. रात्रंदिवस तिच्याजवळ असणारी मी, पण मला रात्र कुठली आणि दिवस कुठला, हेच कळत नव्हतं.

पोरगी देवाच्या दयेनं आणि वेळेवर मिळालेल्या औषधानं बरी झाली. येताना एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातून मी एक चाळीस पानी वही घेतली.

सुरुवातीला मी नुसते आकडे लिहायची. किती वेळा पाजलं, किती लंगोट ओले झाले, अंग गरम की नरम. मग एखाद्या दिवशी एखादी ओळ आपोआपच जास्तीची उतरायची. "आज बाजरीची भाकरी गोड लागली." "आज हिनं दिव्याकडं टक लावून पाहिलं." आणि एका दिवशी लिहिलं, "आज रडू आलं. कारण काही नाही."

तीनेक आठवडे गेले. एका दुपारी पोरगी झोपली होती, म्हणून वही पहिल्यापासून वाचत बसले. तर काय! ती रडण्याची ओळ एकदा नव्हे, अकरा वेळा लिहिलेली होती. मला वाटत होतं, एक-दोन दिवस मन उदास झालं असेल. वही सांगत होती की अकरा दिवस. त्यातल्या एका दिवशी तर मी असंही लिहिलं होतं की पोरगी रडते आणि माझ्यात उठायची ताकद नसते, मी आई म्हणून नालायक आहे.

माझ्या आईला लिहितावाचता येत नव्हतं. मी तिला ते वाचून दाखवलं. घाबरतच वाचलं, की ही आता म्हणेल, सुखाचं बाळंतपण झालं आणि तुला रडायला काय झालं? ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आम्हालाबी व्हायचं असं. पण सांगायचं कुणाला? आम्ही जात्याला सांगायचो."

हे वाक्य मी आजवर विसरले नाही.

आईनं तसं सांगितलं खरं, पण ती तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन दवाखान्यात गेली. तिथं कळलं की याला उपचार आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ बायांना होतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटले तरी मन वर येत नसेल, बाळाकडं पाहावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप येत नसेल, जगून काय करायचं असं वाटत असेल, तर तो आजार आहे. बाहेरची बाधा नव्हे, माजही नव्हे. ताप येतो तसा हा मनाला आलेला ताप, आणि त्याला डॉक्टर लागतो. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार आले, तर त्या बाईला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आता सरकारनं १४४१६ हा फोन नंबरही दिला आहे. २०२२ सालापासून ही 'टेलिमानस' नावाची सेवा चालू आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

माझ्या बाबतीत हे लवकर उमगलं ते वहीमुळे. मनाची गोष्ट अशी आहे की आजचं दुःख उद्या आठवत नाही आणि उद्याचं दुःख नवीनच वाटतं. ते कागदावर एकाखाली एक आलं, म्हणजे मग दिसतं की ते एकच दुःख आहे आणि किती दिवसांचं आहे.

आता आई म्हणाली त्या जात्याचं पाहू. पहाटे चारला उठून दळायला बसणारी आपली आजी ओवी गायची. त्या ओवीत तिचं माहेर असायचं, भाऊ असायचा, पाळण्यातलं बाळ असायचं, बाळंतपणाच्या कळा असायच्या आणि सासुरवासही असायचा. दिवसभर जे तोंडातून काढता येत नव्हतं ते पहाटेच्या अंधारात जात्याच्या घरघरीत निघून जायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गावोगावच्या बायांनी हजारावर खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या माजलगावातही १९९६ साली बायांच्या ओव्या टेपवर घेतल्या गेल्या. नुसता विचार करा, लाखावर ओव्या! या सगळ्या बाया लिहू शकल्या असत्या तर ती त्यांची रोजनिशीच झाली असती. मी तर म्हणेन की जातं हीच आपल्या आज्यांची वही होती.

मग गावात पिठाची गिरणी आली. फार चांगलं झालं. पहाटेचे कष्ट वाचले, छातीतली कळ वाचली. जातं परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण जात्याबरोबर बाईची बोलायची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी आपण दुसरं काही आणलं नाही. गिरणीवर डबा ठेवला की पीठ मिळतं, मनातलं मात्र मनातच राहतं. जात्याच्या जागी आता वही आली पाहिजे.

अक्षर येत नाही म्हणून अडत नाही, हे बहिणाबाई चौधरींनी दाखवून दिलं आहे. खानदेशातली ही शेतकरीण, लिहितावाचता न येणारी. काम करता करता ती जे गायची, ते तिचा मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी लिहून ठेवलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. पुढं आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली आणि १९५२ साली तिचं पुस्तक निघालं. घरातल्या पोरानं हाती लेखणी घेतली नसती, तर आज महाराष्ट्राला बहिणाबाई कुठून कळल्या असत्या? तेव्हा तुम्हाला लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीला, नणंदेला, नवऱ्याला सांगा, "मी सांगते तसं लिही." पोरांचं शुद्धलेखनही सुधारेल.

आणि खेड्यातल्या बाईनं लिहिलेल्या नोंदींनी काय होतं, तेही सांगते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायांना तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, आणि सगळं कागदावर लिहून काढायच्या. नोंद बिघडलेली दिसली की लगेच उपचार. त्याआधी तिथं हजार बाळं जन्मली तर पहिल्या महिन्यातच ६२ दगावत होती. तीन वर्षांत तो आकडा पंचविसाच्या आसपास आला. नुसत्या लिहिण्यानं मुलं वाचली असं नाही. शिकवण, औषध, ऊब, आईचं दूध, सगळं त्यात होतं. पण लिहिलं नसतं, तर कुठल्या बाळाला काय होतंय ते कळलं नसतं. आज आशाताई आपल्या घरी येतात तो याच कामाचा विस्तार आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्या आल्या की वही पुढं करा. त्यांचंही काम सोपं होतं.

आता वहीत लिहायचं काय आणि कसं, ते पाहू.

वही साधी घ्या, शाळेची चालते. पुढच्या बाजूनं बाळाचं लिहा. पहिल्या पानावर बाळाची जन्मतारीख, वेळ, जन्माचं वजन आणि आईबापाचं नाव. सासरचं आडनाव लिहाल तसं आईचं स्वतःचं नावही पूर्ण लिहा. मग रोजच्या दोन-तीन ओळी पुरतात.

पहिला महिनाभर लिहायचं ते असं. दूध किती वेळा पाजलं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं बरोबर. लघवी किती वेळा झाली. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त वेळा होत असेल तर दूध पुरतं, मग "हिला दूध येत नाही" म्हणणाऱ्या शेजारणीला ते पान दाखवा. वजन केलं की तारखेसह लिहा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, घाबरू नका, पण दहा-चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. मोजल्यानं नजर लागते असं काही घरांत म्हणतात. नजर लागत नाही, उलट वजन घटलं तर ते वेळेवर कळतं. लस टोचली की तारीख लिहा. जन्मल्यावर लगेच, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, आणि पुढं सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, या वेळा ध्यानात ठेवा.

काही गोष्टी मात्र लिहीत बसायच्या नाहीत, आधी दवाखाना गाठायचा. बाळ दूध ओढत नाही, मिनिटात साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेतं, श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतो, अंग तापलं आहे किंवा गार पडलं आहे, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे पडले आहेत, असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. वही गाडीत बसल्यावर लिहा.

आता वही उलटी करा. मागच्या बाजूनं ती तुमची. त्यात बाळाचं काही नाही. अंगावरून किती जातं, ताप आहे का, टाके दुखतात का, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या का. या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या आहेत. दोन्ही एका वेळी घेऊ नका, एक सकाळी आणि एक संध्याकाळी असं करा. आज काय खाल्लं, किती झोप लागली, तेही लिहा. आणि शेवटी एक ओळ मनाची. छान छान लिहायचं बंधन नाही. राग आला तर राग लिहा. "आज सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलं ते खाल्लं" असं झालं असेल तर तसंच लिहा. कुणी प्रेमानं डोक्यावर हात ठेवला तर तेही लिहा. चांगलं फार लवकर विसरायला होतं.

अंगावरून एकदम फार जायला लागलं, घाण वास येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, पायाची एक पोटरी सुजून दुखू लागली किंवा डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर हेही अंगावर काढायचं नाही. "बाळंतिणीला होतंच" असं म्हणून आजवर पुष्कळ बाया गेल्या.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या बहिणींशी दोन शब्द बोलते. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ओल्या बाळंतिणीही जातात. कोपीत राहायचं, पहाटे फडात जायचं, बाळाला उसाच्या पाचटावर किंवा झोळीत टाकायचं. तिथं आपली आशाताई नसते, ओळखीचा दवाखाना नसतो. अशा वेळी वही आणि माता-बाल कार्ड हीच आपली ओळख. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधा आणि कपड्यांच्या गाठोड्यात नव्हे, बाळाच्या कपड्यांत ठेवा, म्हणजे सारखं हाताशी राहील. कार्ड दाखवलं की दुसऱ्या गावच्या आरोग्य केंद्रातही बाळाला लस मिळते. कुठली झाली आणि कुठली राहिली हे त्यांना कागदावर दिसलं पाहिजे, एवढंच.

आणखी एक गोष्ट आहे. ती बोलायला जड जाते, पण बोलली पाहिजे. २०१९ साली आपल्या जिल्ह्याचं नाव सगळ्या देशात गेलं, ते ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या म्हणून. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापले जातात, पोटात दुखतं म्हणून जावं तर "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळतो, आणि बाई पंचविशी-तिशीत कायमची अधू होते. वहीनं हे सगळं थांबेल असं मी म्हणत नाही. त्याला मजुरीचा, पाण्याचा, संडासाचा, दवाखान्याचा मोठा लढा लागतो. पण दुखणं कधी सुरू झालं, किती दिवस राहिलं, कुणी काय औषध दिलं, हे जिच्याकडं लिहिलेलं आहे, ती दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन विचारू शकते, "खरंच काढायला हवी का?" जिच्याकडं काहीच लिहिलेलं नाही, तिला समोरचा सांगेल ते खरं धरावं लागतं. मुकादमाच्या वहीत आपले खाडे असतात. ते खाडे का पडले, ते आपल्या वहीत असायला हवं.

"घरात वही ठेवली तर कुणीतरी वाचेल" ही भीती मला कळते. सासूबाई वाचतील, नवरा वाचेल, दीर चेष्टा करेल. म्हणूनच वही दोन बाजूंनी लिहायला सांगितली. पुढची बाजू सगळ्यांना दाखवा, मोठ्यानं वाचा, आजोबांनाही ऐकवा. मागच्या बाजूला काही लपवावंसं वाटलं, तर नावं न घालता लिहा, खुणेनं लिहा. दिवस चांगला गेला तर टिंब, वाईट गेला तर आडवी रेघ. महिन्याच्या शेवटी रेघा मोजल्या तरी पुष्कळ कळतं.

आणि घरधन्यांनो, हे पान तुम्हीही वाचता, मला माहीत आहे. बायकोची वही चोरून वाचू नका. तिनं आपणहून दाखवली तर मात्र बसून, हातातला मोबाइल बाजूला ठेवून ऐका. लिहायला तिला रोज दहा मिनिटं लागतील. तेवढा वेळ बाळ तुम्ही घ्या. बाप बाळाला घेतो म्हणून आजवर कुठल्या गावाची वेस पडलेली नाही. सासूबाईंनाही एक विनंती. तुमची बाळंतपणं कशी झाली, ते या वहीत सुनेकडून लिहून घ्या. तुम्हालाही कुणी कधी विचारलं नसेल.

कुणी म्हणेल, आता मोबाइलमध्ये फोटो आहेत की! आहेत, आणि ते जरूर काढा. पण मोबाइल पाण्यात पडतो, फुटतो, विकला जातो, आणि त्याच्याबरोबर बाळाचं सारं लहानपण जातं. दुसरं म्हणजे त्या फोटोंत बाळ असतं, आजी असते, काका असतो. आई क्वचितच दिसते, कारण फोटो तीच काढत असते.

शेवटी मुलींबद्दल. २००१ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ ला त्या ८०७ वर आल्या. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्यासाठी कुणी पाचवी पुजली नाही, कुणी कागद ठेवला नाही. म्हणून माझं मागणं आहे की घरात मुलगी जन्मली तर तिची वही आधी धरा. पहिल्या पानावर लिहा की ती झाली तेव्हा पाऊस होता की ऊन, घरात कोण कोण हसलं, आणि तिला पहिल्यांदा छातीशी धरलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं. खोटं लिहू नका. मुलगी झाली म्हणून सुरुवातीला मन खट्टू झालं असेल तर तेही लिहा, आणि मग मन कसं फिरलं तेही लिहा.

माझी ती चाळीस पानी वही माझ्या मुलीनं तिच्या पहिल्या बाळंतपणात वाचली. मला भीती होती की त्या अकरा ओळी वाचून तिला वाईट वाटेल, आपल्या आईला आपण नकोसे झालो होतो की काय असं वाटेल. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "आई, म्हणजे मी एकटी नाही." तिलाही चार दिवसांपासून विनाकारण रडू येत होतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही दोघी खूप वेळ बोललो. माझ्या आईला हे सुख मिळालं नाही. तिचं जे होतं ते जात्यात दळून गेलं.

आता तुमच्या घरी किंवा शेजारी पाचवी असेल तेव्हा जाताना खणनारळाबरोबर एक वही आणि एक पेन न्या. फार तर वीस-पंचवीस रुपयांचा खर्च. पाटावर सुटा कागद ठेवण्याऐवजी ती वहीच ठेवा. सटवाईला काय लिहायचं ते ती लिहील. सकाळी पाट उचलाल तेव्हा वही बाळंतिणीच्या हातात द्या आणि तिला म्हणा, "बाई, आता तू लिही."